तापता अरबी समुद्र आणि कोकणचे प्रवाळ

सोलापूर जिल्ह्यात पडलेले पाणी अरबी समुद्राला मिळत नाही. नीरा, माण, सीना या नद्या भीमेत जातात, भीमा रायचूरच्या बाजूला कृष्णेला मिळते आणि कृष्णा आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागरात उतरते. पण हे पाणी घेऊन येणारे जूनचे वारे येतात ते अरबी समुद्रावरून. उजनी भरते तीही सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणाऱ्या त्याच पावसाने. घ्यायचे एका समुद्राकडून आणि द्यायचे दुसऱ्याला, असा आपला जुना व्यवहार आहे. ज्याच्याकडून घेतो त्या समुद्राची प्रकृती आज कशी आहे, ही चौकशी मात्र किनाऱ्यापासून इतक्या दूर सहसा कोणी करत नाही. ती करायची तर प्रवाळापासून सुरुवात करावी लागते. समुद्राचे पाणी तापू लागले की त्याचा चटका सर्वांत आधी आणि सर्वांत उघडपणे दिसतो तो प्रवाळावर.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. समुद्राचे तापणे महाराष्ट्राला एकट्याने थांबवता येणार नाही. पण म्हणूनच गाळ, जाळी, नांगर आणि पर्यटकांचे पाय या आपल्या हातातल्या गोष्टी दुय्यम ठरत नाहीत, उलट अधिक निकडीच्या होतात. गरम वर्षात भाजलेल्या प्रवाळाला पुढच्या गरम वर्षापर्यंत सावरायला जो अवधी मिळतो, तो आपण त्याला सुखाने मिळू देतो की नाही, यावर त्याचे जगणे ठरणार आहे.

आपल्याकडे प्रवाळ म्हटले की आधी सराफाची पेढी आठवते. मंगळासाठी अंगठीत घालायचे लाल पोवळे, वैद्याकडची प्रवाळपिष्टी. ही ओळख फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासवृत्तात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत पोवळे आहे. त्याच ग्रंथात पैठण आणि तगर या दख्खनच्या दोन बाजारपेठांचा माल गाड्यांनी भडोचला जातो असेही लिहिले आहे. तगर म्हणजे बार्शीच्या पूर्वेला, आज धाराशिव जिल्ह्यात असलेले तेर. रोमन लेखक प्लिनी याने तर नोंदवून ठेवले आहे की रोमन लोकांना भारतीय मोत्यांचे जेवढे वेड, तेवढेच भारतीयांना पोवळ्याचे.

मात्र पेढीवरचे लाल पोवळे आणि मालवणच्या पाण्यातले प्रवाळ हे वेगळे जीव आहेत. लाल पोवळे भूमध्य समुद्रात, खोल आणि अंधाऱ्या कपारीत वाढते आणि खडकांचे बेट बांधत नाही. बेट बांधणाऱ्या प्रवाळाला ऊन लागते. त्याचा एकेक जीव, म्हणजे पॉलिप, बहुधा काही मिलिमीटरचा असतो. तो पाण्यातला चुना घेऊन स्वतःभोवती सांगाडा बांधतो आणि अशा हजारो पॉलिपांची मिळून एक वसाहत होते. पॉलिपच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. आपल्याकडच्या अर्धेलीच्या शेतीसारखाच हा करार आहे. जागा आणि खत पॉलिपचे, पीक काढायचे काम शैवालाचे. फरक इतकाच की इथे जागेच्या मालकाला अर्ध्याहून खूप जास्त मिळते. शैवाल उन्हावर जी साखर तयार करते तिच्यावर पॉलिपची नव्वद टक्क्यांपर्यंत ऊर्जेची गरज भागते. प्रवाळाचा तपकिरी, हिरवट, पिवळा रंगही बहुतांशी या शैवालाचाच.

हा करार तापमानाच्या फार अरुंद पट्ट्यात टिकतो. त्या ठिकाणच्या नेहमीच्या उन्हाळ्यातील कमाल तापमानापेक्षा पाणी १ अंश सेल्सिअसने जास्त तापले आणि चारेक आठवडे तसेच राहिले, की शैवालाच्या आतली प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते. त्यातून तयार होणारी विषारी ऑक्सिजनयुक्त द्रव्ये पॉलिपला सोसवत नाहीत आणि तो शैवालाला बाहेर टाकतो. मग पारदर्शक कातडीखालून पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच प्रवाळाचे विरंजन किंवा सरळ ब्लीचिंग म्हणतात. पांढरे पडलेले प्रवाळ लगेच मरत नाही, उपाशी असते. पाणी वेळेत निवले तर शैवाल परत येते. तसे झाले नाही तर सांगाड्यावर दुसरेच शेवाळ माजते, आणि मग ती जागा प्रवाळाला परत मिळणे कठीण होते.

जगाचा हिशेब थोडक्यात असा. प्रवाळ बेटांनी समुद्रतळाचा एक टक्क्याहूनही कमी भाग व्यापला आहे, पण समुद्रातील ज्ञात प्रजातींपैकी सुमारे चतुर्थांश प्रजाती आयुष्याच्या कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर त्यांच्या आधाराने राहतात. १९९८, २०१०, २०१४ ते २०१७ अशा तीन जागतिक विरंजनांनंतर चौथे २०२३ साली सुरू झाले. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या 'नोआ' या संस्थेने त्यावर शिक्कामोर्तब केले. २०२५ पर्यंत जगातील ८० टक्क्यांहून जास्त प्रवाळक्षेत्राला विरंजन होण्याइतकी उष्णता लागून गेली होती. जागतिक प्रवाळ निरीक्षण जाळ्याच्या अहवालानुसार २००९ ते २०१८ या काळातच जगातले १४ टक्के प्रवाळ गेले. पृथ्वीचे तापमान १.५ अंशांनी वाढले तर ७० ते ९० टक्के आणि २ अंशांनी वाढले तर जवळजवळ सगळी उष्ण पाण्यातली प्रवाळ बेटे जातील, असे हवामान बदलावरील आंतरशासकीय समितीने २०१८ सालीच सांगितले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये एक्झिटर विद्यापीठाच्या पुढाकाराने निघालेल्या अहवालाने तर पुढचे पाऊल टाकले: उष्ण पाण्यातली प्रवाळ बेटे आपल्या सहनशक्तीची सीमा ओलांडू लागली आहेत, असे त्यात म्हटले आहे. या विधानावर शास्त्रज्ञांत एकमत नाही. सगळी बेटे एका वेळी कोसळतील असे मानणे काहींना घाईचे वाटते, कारण जागोजागीचे प्रवाळ वेगवेगळ्या चिवटपणाचे असते. पण दिशा कोणती आहे, याबद्दल वाद उरलेला नाही.

भारतात मोठी प्रवाळक्षेत्रे चार: कच्छचे आखात, मन्नारचे आखात आणि पाल्कची सामुद्रधुनी, अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप. यातले लक्षद्वीप अरबी समुद्रात आहे आणि तिथे झालेले काम आपल्याला सर्वांत उपयोगी आहे, कारण ते चिकाटीने, वर्षानुवर्षे झाले. म्हैसूरच्या नेचर कन्झर्वेशन फाउंडेशनमधले रोहन आर्थर आणि त्यांचे सहकारी १९९८ पासून त्याच त्या जागा पुन्हा पुन्हा पाहत आले. १९९८, २०१० आणि २०१६ अशी तीन मोठी विरंजने त्यांनी नोंदवली. १९९८ मध्ये जिवंत प्रवाळाचे आच्छादन ३७ टक्के होते, ते २०२२ पर्यंत १९ टक्क्यांवर आले. या आकड्यांइतकेच महत्त्वाचे आणखी एक निरीक्षण त्यांच्या हाती लागले. पुढच्या प्रत्येक उष्णतेच्या लाटेत मरणारे प्रवाळ आधीच्यापेक्षा कमी होते, म्हणजे नाजूक जाती गेल्या आणि चिवट तेवढ्या उरल्या. सावरण्याचा वेग मात्र मंद राहिला. दोन धक्क्यांच्या मध्ये सहा वर्षांची उसंत मिळाली तर काही भरून निघते. ती उसंतच आता आखडत चालली आहे. २०२३-२४ च्या उष्णतेत लक्षद्वीप पुन्हा पांढरे पडले. मन्नारच्या आखातात मे २०२० मधल्या एकाच लाटेत ८५ टक्के प्रवाळाचे विरंजन झाल्याची नोंद आहे.

हे तापणे मोजले कुठे? आपल्या शेजारच्या पुण्यात. तिथल्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांचा हिंदी महासागरावर मोठा अभ्यास आहे. १९५१ ते २०१५ या काळात उष्ण कटिबंधातील हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे १ अंशाने वाढले, जागतिक समुद्रांच्या ०.७ अंशांच्या सरासरीहून जास्त. रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या गटाने सागरी उष्णलाटांची मोजदाद केली तेव्हा पश्चिम हिंदी महासागरात त्या दर दशकाला दीडने वाढत असल्याचे आढळले. याच संस्थेच्या दुसऱ्या एका अभ्यासात २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळे ५२ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले, बंगालच्या उपसागरात मात्र ती किंचित घटली. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला घासून गेले. वादळाची लाट उथळ पाण्यातल्या वसाहती उलट्यापालट्या करते आणि मागाहून गाळ आणून टाकते.

या सगळ्यात महाराष्ट्राच्या वाट्याला आलेले प्रवाळ लहान आहे, विखुरलेले आहे आणि बराच काळ ते आहे हेच कोणाला माहीत नव्हते. पश्चिम किनाऱ्यावर गुजरातच्या खाली प्रवाळ नाही असेच धरून चालत. कारणही सयुक्तिक होते. कोकणच्या नद्या पावसाळ्यात एवढा गाळ आणि एवढे गोडे पाणी समुद्रात ओततात की स्वच्छ, खाऱ्या, उजेडाच्या पाण्यात वाढणाऱ्या जीवाने तिथे राहूच नये. गोव्याच्या दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले एस. झेड. कासिम आणि एम. व्ही. एम. वाफर यांनी १९७९ मध्ये या किनाऱ्यावर अनेक ठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याचे दाखवून दिले. त्यानंतर १९८१ मध्ये त्याच संस्थेतले परुळेकर यांनी मालवणच्या समुद्री जीवांची सविस्तर नोंद केली. या कामाचा परिणाम म्हणून १३ एप्रिल १९८७ रोजी मालवणचे सागरी अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा फक्त ३.१८ चौरस किलोमीटर. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या आसपासचा खडकाळ समुद्र त्यात येतो. राज्यातले हे पहिले सागरी अभयारण्य.

पण ते कागदावर जेवढे उतरले तेवढे पाण्यात उतरले नाही. मालवणच्या पारंपरिक मच्छीमाराला अभयारण्य म्हणजे आपल्या रापणीवर आणि होडीवर आलेली बंदी वाटली, आणि त्या भीतीला आधार होता. ज्या समाजाच्या हाताखालून हे पाणी पिढ्यानपिढ्या गेले त्याला विश्वासात घेऊन हद्द आखली गेली नव्हती. विरोध इतका तीव्र राहिला की पुढची अनेक वर्षे व्यवस्थापनाची गाडी जागची हलली नाही. मला यात मच्छीमाराचा दोष दिसत नाही. किनाऱ्यावरून ओढायची रापण प्रवाळाच्या खडकावर टाकतच नाहीत, जाळे फाटते. तळ खरवडत जाणारा ट्रॉलर, मासळीचा अख्खा थवा घेरणारे पर्ससीन जाळे, रात्री पाण्यात एलईडीचा झोत सोडून केलेली मासेमारी, ही संकटे बाहेरून येतात आणि त्यांच्याविरुद्ध सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त लढला तो हाच पारंपरिक मच्छीमार. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालाच्या आधारे फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्याने पर्ससीनवर निर्बंध घातले. एलईडी मासेमारीवर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. दोन्हींच्या मागे सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या मच्छीमारांची आंदोलने आहेत. प्रवाळ वाचवायचे तर अभयारण्याचा पहिला मित्र कोण, हे आपण १९८७ साली ओळखायला हवे होते.

पुढच्या दशकांत थोडी सुधारणा झाली. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने सिंधुदुर्गात राबवलेल्या प्रकल्पात ट्रॉलरच्या जाळ्याच्या टोकाला चौकोनी आसेची, म्हणजे चौकोनी भोकांची, जाळी लावण्याचा प्रयोग झाला. नेहमीची शंकरपाळ्याच्या आकाराची आस ओढ बसली की मिटते आणि कोवळी मासळी आत अडकते. चौकोनी आस उघडी राहते आणि पिल्ले निसटतात. साधी, स्वस्त आणि नेमकी गोष्ट. प्रवाळाच्या भोवती हेकरू आणि तांबोशी टिकली तर प्रवाळही टिकते, कारण खडकावर माजणारे शेवाळ आणि प्रवाळ कुरतडणारे जीव यांना आवर घालणारी साखळी या माशांवरच उभी आहे.

मालवणच्या प्रवाळाबद्दल शास्त्रज्ञांत एक खरा वाद आहे आणि मला तो या सगळ्या विषयातला सर्वांत रंजक भाग वाटतो. इथले प्रवाळ लक्षद्वीपसारखे फांद्याफांद्यांचे नाही. बहुतेक वसाहती गोलसर, दगडासारख्या किंवा खडकावर चादर पसरल्यासारख्या आहेत: पोराइट्स, फॅव्हाइट्स, गोनिॲस्ट्रिया, टर्बिनेरिया. गोलसर पोराइट्स वर्षाला सेंटिमीटरभर वाढते. म्हणजे मालवणच्या पाण्यात हातभर रुंद दिसणारी वसाहत काही दशकांपूर्वी रुजलेली असू शकते. ती दर पावसाळ्यात चार महिने गढूळ, गोडसर, अंधाऱ्या पाण्यात काढत आली. काही शास्त्रज्ञांच्या मते हीच तिची ताकद आहे. गढूळ पाणी उन्हाची तिरीप अडवते, आणि विरंजनात उष्णतेइतकाच तीव्र प्रकाशाचाही हात असतो. म्हणून स्वच्छ पाण्यातली बेटे मरतील तेव्हा असे सीमेवरचे, हालअपेष्टा सोसलेले प्रवाळ मागे उरेल आणि उद्याच्या समुद्राला बीज पुरवेल. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की जो जीव आधीच सहनशक्तीच्या काठावर जगतो त्याला आणखी एक धक्का पुरतो. २०१५-१६ च्या जागतिक उष्णतेत मालवणच्या वसाहतीही पांढऱ्या पडल्या, हे दुसऱ्या बाजूच्या पारड्यात जाते. त्यातल्या अनेक सावरल्या असतील तर ते पहिल्या बाजूच्या पारड्यात जाईल. निकाल लावायला त्याच वसाहतींची दरवर्षी, एकाच पद्धतीने केलेली नोंद हवी. लक्षद्वीपला ती चोवीस वर्षांची आहे. मालवणला संशोधक येतात, उत्तम निबंध लिहितात, आणि प्रकल्प संपला की नोंद थांबते.

आता पर्यटनाकडे येतो, कारण सोलापूरकराचा मालवणशी संबंध येतो तो इथेच. दिवाळीत आणि मेमध्ये तारकर्लीला जायचे, किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग किंवा स्कूबा करायचे, पाण्याखालचा फोटो काढून घ्यायचा. पोहायला न येणारा माणूसही पंधरा मिनिटांत पाण्याखाली उतरवला जातो. घाबरलेला माणूस आधार शोधतो आणि त्याचे पाय ज्या 'दगडा'वर टेकतात तो जिवंत असतो. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील कल्याण डे, मंदार नाणजकर, संभाजी मोटे आणि बबन इंगोले यांनी २०२० मध्ये मालवणच्या गोताखोरीने प्रवाळाची होणारी मोडतोड नोंदवली आणि या नुकसानीला उत्तरदायी कोणीच नाही हे नेमके दुखणे दाखवून दिले. होडीचा नांगर थेट प्रवाळावर पडतो, मासे जवळ यावेत म्हणून पाण्यात खाऊ टाकला जातो, गुडघ्याने आणि फिनने उडालेला गाळ वसाहतीवर बसतो. एकेक घाव किरकोळ आहे. पण वर्षाला सेंटिमीटरभर वाढणाऱ्या जीवावर रोज तो पडतो.

प्रवाळाला इजा करणे बेकायदा आहे, हेही सांगायला हवे. दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे वाघाला जे संरक्षण, तेच मालवणच्या त्या 'दगडा'ला. किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा पिशवीत घालून आणणे, दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीसाठी तो विकत घेणे, हा गुन्हा आहे. हे तारकर्लीच्या किनाऱ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असले पाहिजे.

मालवण लहान आहे. महाराष्ट्राच्या नावाने सांगावे असे खरे प्रवाळक्षेत्र किनाऱ्यावरून दिसतच नाही. विजयदुर्गापासून पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर समुद्राच्या पोटात एक पठार आहे. उत्तर-दक्षिण साधारण ४० किलोमीटर लांब, १५ किलोमीटर रुंद, माथा पाण्याखाली सुमारे २० मीटर आणि कडेला एकदम खोल दरी. सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या घराण्यावरून त्याला आंग्रिया बँक म्हणतात. नदीचा गाळ तिथवर पोचत नाही, पाणी निवळशंख, म्हणून २० मीटर खोलीवरही ऊन तळाला लागते आणि प्रवाळ वाढते. २०१९ च्या अखेरीस आणि २०२० च्या आरंभी 'सागर संपदा' या संशोधन जहाजावरून वाइल्डलाइफ कन्झर्वेशन सोसायटी-इंडिया, कोचीचे सागरी जीवसंपदा आणि परिसंस्था केंद्र आणि इतर संस्थांच्या शास्त्रज्ञांनी या पठाराची पाहणी केली.

खोल प्रवाळ हे उष्णतेतले आश्रयस्थान ठरेल का, हाही मालवणच्या गढूळ पाण्यासारखाच उघडा प्रश्न आहे. खालचे थंड पाणी कडेवरून वर चढत असेल तर पठाराला दिलासा मिळेल, पण वरचे तापलेले पाणी २० ते ३० मीटरपर्यंत सहज उतरते. लक्षद्वीपच्या खोल उतारांवरही विरंजन पोचले आहे. माझा कल सावधपणाकडे आहे. आंग्रिया वाचेल असे गृहीत धरून तिला वाऱ्यावर सोडू नये.

आणि सध्या ती वाऱ्यावरच आहे. कायदा इथे आडवा येतो. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली अभयारण्य करता येते ते किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच्या पाण्यात, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंत. आंग्रिया त्याच्या फार पलीकडे, अनन्य आर्थिक क्षेत्रात आहे. तिथे लागू होतो तो १९७६ चा सागरी क्षेत्रांचा कायदा, आणि त्याखाली केंद्र सरकार एखादा भाग 'निर्दिष्ट क्षेत्र' म्हणून जाहीर करू शकते. २०२० च्या अखेरीस राज्य वन्यजीव मंडळाने असा प्रस्ताव मान्य केला. आंग्रियाचा प्रश्न मला मालवणहून सोपा वाटतो, कारण इथे ना किनाऱ्यावरची वस्ती आहे, ना रोजचे पर्यटन. हवे आहे ते तळ खरवडणाऱ्या जाळ्यांना मज्जाव, नांगर टाकायला मनाई आणि तटरक्षक दलाची नजर. देवगड आणि विजयदुर्गचा जो मच्छीमार गळाने मासे धरतो त्याला वगळण्याचे कारण नाही. मालवणची चूक पुन्हा करायची नसेल तर नियम ठरवताना तो टेबलावर बसलेला असला पाहिजे.

प्रवाळ उचलून दुसरीकडे लावण्याच्या उपायावर मी फार वेळ घालवणार नाही. मुंबईच्या सागरी किनारा मार्गासाठी २०२० मध्ये हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरून १८ वसाहती उचलून कुलाब्याच्या नेव्हीनगरजवळ नेल्या गेल्या. मुंबईच्या सांडपाण्यातही प्रवाळ जगते, हे त्या निमित्ताने पुष्कळ मुंबईकरांना पहिल्यांदा कळले, एवढा लाभ निश्चित झाला. मालवणला सारंग कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रवाळाचे तुकडे आधारावर लावून वाढवण्याचे काम केले आहे, कच्छच्या आखातात मिठापूरजवळ जानेवारी २०२० पासून विजेच्या मंद प्रवाहावर सांगाडा वाढवण्याचा प्रयोग झाला. हे काम मनापासून केलेले आहे आणि त्यातून माणसे तयार होतात. पण ज्या पाण्याने मूळ वसाहत मारली त्याच पाण्यात नवी लावली तर पुढची उष्णलाट तिलाही सोडत नाही. २०२५ मध्ये नौदलाची निवृत्त नौका 'गुलदार' निवती खडकांजवळ बुडवून पाण्याखालचे संग्रहालय आणि कृत्रिम बेट करण्यासाठी पर्यटन विकास महामंडळाकडे आली. गोताखोरांची गर्दी खऱ्या प्रवाळावरून लोखंडी जहाजाकडे वळली तर या योजनेचे स्वागतच आहे. ती वळावी म्हणून किल्ल्याजवळच्या फेऱ्या त्या प्रमाणात कमी करण्याचा निर्णय मात्र सोबत यायला हवा.

मग सोलापूरचे काय? आपला धागा धुराड्यातून जातो. दक्षिण सोलापूर तालुक्यात फताटेवाडीला एनटीपीसीचा १,३२० मेगावॅटचा कोळशावरचा वीज प्रकल्प आहे. कोळशावरच्या विजेच्या एका युनिटमागे साधारण १ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. दोन्ही संच दिवसभर पूर्ण क्षमतेने चालले तर हा हिशेब रोज ३० हजार टनांच्या घरात जातो. माणसाने हवेत सोडलेल्या या वायूपैकी सुमारे चतुर्थांश समुद्र शोषून घेतो. पाण्यात त्याचे कार्बोनिक आम्ल होते, औद्योगिक युगापासून समुद्राची आम्लता जवळजवळ ३० टक्क्यांनी वाढली आहे, आणि प्रवाळाला सांगाड्यासाठी लागणारी कार्बोनेटची मात्रा घटते आहे. हरितगृह वायूंनी अडवून ठेवलेल्या जादा उष्णतेपैकी तर ९० टक्के समुद्रच पितो. ही वीज यंत्रमागावर, उसाच्या पंपावर, आपल्या घरातल्या पंख्यावर चालते. ती नको असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण वर्षातले बहुतेक दिवस स्वच्छ ऊन मिळणाऱ्या या जिल्ह्यात कोळशाची जागा उन्हाने किती लवकर घ्यावी, हा प्रश्न मालवणजवळच्या कवडा रॉक या खडकावरच्या पोराइट्सशीही जोडलेला आहे.

आणि समुद्र हे परत करतो. रॉक्सी कोल यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवून दिले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात एकाच वेळी मोठ्या प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्यामागे तापलेल्या अरबी समुद्रावरून उसळून येणारी वाफ आहे. त्याच वेळी पावसाळ्यातला एकूण पाऊस मात्र वाढलेला नाही, मधली ओढ लांबली आहे. सागरी उष्णलाटा मध्य भारताचा पाऊस घटवतात असेही या गटाच्या अभ्यासातून पुढे आले. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेने माढा, मोहोळ, करमाळ्याची शेती धुऊन नेली. तो एक पूर अरबी समुद्राच्या खात्यावर टाकणे शास्त्राला धरून होणार नाही. पण ओढ आणि महापूर यांच्यामध्ये सापडलेल्या शेतकऱ्याला समुद्राचे तापमान ही आता लांबची बातमी राहिलेली नाही.

शेवटी मे महिना. कोकणच्या समुद्राचे पाणी सर्वांत जास्त तापते ते एप्रिल-मेमध्ये, पावसाळ्याच्या आधी. प्रवाळ सर्वांत जास्त ताणाखाली असते ते तेव्हाच. आणि शाळांना सुटी लागून घाटावरची गर्दी तारकर्लीला लोटते तीही त्याच आठवड्यांत. उपाशी, पांढऱ्या पडत चाललेल्या वसाहतीवर त्याच दिवसांत सर्वाधिक पाय पडतात. समुद्राच्या तापमानाची उपग्रहावरून होणारी मोजणी आणि हैदराबादच्या 'इन्कॉइस' या संस्थेच्या सूचना आज उपलब्ध आहेत. ज्या वर्षी पाणी धोक्याच्या रेषेवर जाईल, त्या वर्षी किल्ल्याजवळच्या आणि कवडा रॉकवरच्या फेऱ्या पाऊस लागेपर्यंत बंद ठेवाव्यात, पर्यटकांना वाळूच्या तळावर किंवा लोखंडी जहाजावर न्यावे. जून लागला की होड्या वर ओढतात आणि होडीवाल्याचे चार महिन्यांचे पोट मेच्या कमाईवर असते. म्हणून भरपाई हवी, आणि ती प्रत्येक गोताखोराकडून वर्षभर घेतलेल्या अभयारण्य शुल्कातून देता येईल. नांगराऐवजी कायमचे बोये बांधावेत, पाण्यात उतरण्याआधी पंधरा मिनिटांची समज मराठीतून द्यावी, आणि पोहता न येणाऱ्याला प्रवाळावर उतरवू नये. मालवणचे पाणबुडे ऑक्टोबर ते मे रोज त्याच खडकांवर उतरतात. त्यांच्याकडूनच दर महिन्याला त्याच ठरलेल्या वसाहतींचे, त्याच कोनातून, मोजपट्टी ठेवून फोटो काढून घेतले आणि त्याचे मानधन दिले, तर लक्षद्वीपसारखी नोंद मालवणलाही येत्या ऑक्टोबरपासून सुरू होऊ शकते.